आश्रुबाला टीममधून कोणी काढलं

तलवाडा,
रविवार, सकाळ

प्रिय करिष्मे,

'ताई' लिहिलं नाही म्हणून नाक मुरडू नको. चारचौघांत मी तुला 'ताई, तुम्ही' म्हणत आले, आणि ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत शिरून कडी लावली की 'करिष्मे, सरक की गं तिकडं, मला काही दिसंना.' हे पत्र त्या खोलीतलं आहे असं समज आणि तसंच वाच. वाचताना राग आला तर येऊ दे, पण फाडू नको. जन्मात मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. शाळेत मामाला पत्र लिहा म्हणून यायचं तेवढंच, आणि त्यातही 'पत्र लिहिण्यास कारण की' याच्यापुढं माझी गाडी सरकायची नाही. आजही तिथंच अडकली आहे. कारण सांगते, पण वळसा घालून सांगते. सरळ सांगायची माझ्यात हिंमत नाही.

फोन का नाही केला, म्हणशील. केला असता गं. पण फोनवर तू काय बोलणार ते मला पाठ झालंय. 'हं. बरं. आईला द्या.' दहा वर्षं एवढ्यातच आटपतंय. व्हॉट्सॲपवर माझ्या लेकीच्या वाढदिवसाला तुझे ते दोन जोडलेले हात येतात. अगं, हात देवाला जोडावेत, वहिनीला चिमटा काढावा! आणि तुझ्या दादांना तर तेवढंही नाही. राखी कुरिअरनं. उमापूरहून तलवाड्याला, तासाभराच्या वाटेवरून, कुरिअरनं! तो कुरिअरवाला मनात काय म्हणत असेल. माहेरी येतेस ती दादा रानात असतील अशी वेळ साधून, आणि ते यायच्या आत चप्पल घालतेस. मला ते सगळं दिसतं. मला माझी करिष्मा परत पाहिजे, आणि दादांना त्यांची बहीण. एवढंच मागणं आहे, बाकी सगळं त्याचंच लांबण.

आधी घरची खबर. आत्याबाईंचे गुडघे तसेच आहेत, तोंड मात्र ठणठणीत आहे. मामंजींना आता कमी ऐकू येतं, पण घरातल्या कुणी त्यांच्याविषयी बोललं की बरोबर ऐकू येतं. आणि मोठी खबर म्हणजे ती आपली मागची खोली पाडायची ठरली आहे. तिथं स्लॅब टाकून न्हाणीघर आणि वर पाण्याची टाकी. म्हणून गेल्या महिन्यात मी पोती, टोपल्या, मोडका पंखा असं सगळं बाहेर काढत होते, तर फळीच्या मागं बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. वर धूळ ही एवढी. झाकण निघंना, शेवटी उलथन्यानं उचकटलं. आत तुझ्या जुन्या परकराच्या चिंधीत गुंडाळलेला तो. आपला हातातला व्हिडिओ गेम.

मी तिथं खालीच बसले, करिष्मे. पांढरा होता तो पिवळा पडलाय. बिजागरीजवळ आपण लावलेली चिकटपट्टी अजून तशीच आहे. चार्जर पण होता, तो काळ्या टेपचा. दोन तास लावून ठेवला तरी काही नाही. मग भाकरी टाकताना सहज वळून बघितलं तर नारिंगी दिवा! माझी भाकरी करपली. आत्याबाई ओरडल्या, 'कुठं ध्यान हाय तुझं?' काय सांगणार, कुठं आहे ते. उघडल्यावर तीच टिंगटिंग वाजली आणि खालच्या पडद्यावर आपली टीम उभी. कुणी कुठं गेलेलं नाही. दहा वर्षं तशीच उभी होती बिचारी.

तुला आठवतं का, हा गेम तुझ्या हातात मी पहिल्यांदा कधी बघितला? लग्नाला अठरा दिवस झाले होते. मी धारूरची डोंगरातली पोर. तिकडं कुठंही बघितलं की समोर काहीतरी उभं असतं, डोंगर नाहीतर किल्ला. इथं बघावं तिकडं सपाट, नजर टेकवायला काही नाही. मी मागच्या खोलीत पोत्याला टेकून रडत होते आणि तू आत आलीस. तेव्हा दहावीची परीक्षा दिलेली, दोन वेण्या. पोरांसारखं बोलायची सवय होती तुला, त्यावरून आत्याबाईंचे धपाटे खायचीस. म्हणालीस, 'कावून रडतीस बे वहिनी?' लग्नात मिळालेल्या सगळ्या आशीर्वादांपेक्षा ते 'बे' मला गोड लागलं. मग तू शेजारी बसून चष्म्याच्या डबीसारखी ती वस्तू उघडलीस, तुराटीची तासलेली काडी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, 'हितं टोच. नुसतं टोच.'

तुझे धोंडीराम मामा चाकणच्या कंपनीत साहेब लोकांची गाडी चालवायचे. कुणी जपानी साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्यानं पोरांच्या जुन्या वस्तू वाटल्या, त्यातला हा गेम मामांनी भाचीला आणला. त्यांनी आणला आणि आपण पहिल्याच दिवशी चार्जर जाळला. जपानात वीज आपल्या निम्म्या जोराची असते हे तलवाड्यात कुणाला ठाऊक? फट् करून आवाज झाला आणि जळकट वास. तू म्हणालीस, 'मेला!' मी म्हणाले, असू दे, साप तर नव्हता. मग गेवराईच्या मोबाईलवाल्याकडं चार चकरा मारल्या तेव्हा त्यानं मोबाईलच्या चार्जरला वायर जोडून हा काळ्या टेपचा जुगाड करून दिला. टोचायची मूळ काडी आधीच हरवलेली होती, म्हणून तुराटी. मोडली की रानातून दुसरी. जपानच्या लोकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही.

नुसता फुटबॉल असता तर मी दोन दिवसांत कंटाळले असते. चेंडूला लाथ मारायची यापलीकडं मला त्यातलं काय कळत होतं? पण हा खेळ गोष्टीसारखा होता. एक शाळा, तिचं उखडलेलं मैदान, सात-आठ पोरं. आपण गावभर हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, पटेल त्याला टीममध्ये ओढायचं, सराव करून त्याची ताकद वाढवायची आणि मग दुसऱ्या गावाशी सामना. सामन्यात दोन गडी समोरासमोर आले की सगळं जागच्या जागी थांबायचं आणि ठरवायचं आपण, याला चकवायचं की धडक द्यायची. मला ते थांबणं फार आवडायचं. संसारात कुठं कोण थांबतं आपल्यासाठी? आणि सगळं जपानीत. एक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून आपणच बारसं केलं सगळ्यांचं. झुपकेदार मिशांचा प्रशिक्षक सुंदरराव, आपल्या सरपंचांवरून. चेंडू आकाशात जाऊन किंचाळत खाली यायचा तो फटका 'टिटवी'. गोलकीपर चेंडूला अंगरख्यात गुंडाळून घ्यायचा, तो डाव 'पदर'. आणि त्या गोलकीपरचं नाव ठेवलं छबुबाई, कारण तिच्या नजरेतून काही सुटून आत जात नव्हतं.

सासूचं नाव घ्यायची सोय नव्हती मला उभ्या घरात, आणि त्या खोलीत मी ओरडायची, 'छबुबाई, अडव! छबुबाई, झोपलीस का गं!' एकदा बाहेरून खऱ्या छबुबाईंनी विचारलं, 'कोण हाका मारतंय मला?' तू इतकी बेरकी, दार किलकिलं करून म्हणालीस, 'आई, वहिनी म्हणत होती, छबुबाईसारखी सासू मिळायला नशीब लागतं.' रोज विरजणात जायची ती साय त्यांनी त्या दिवशी माझ्या भाकरीवर घातली. मी खाताना तू हाताआड हसत होतीस आणि मला ठसका लागला. अजून साय बघितली की हसू येतं, आणि लगेच डोळे भरून येतात. आत्याबाईंना वाटतं मला साय सोसत नाही.

मी नुसती टोचत होते, पण तू शिकत होतीस. हे मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळलं पण मी वळू दिलं नाही. त्या डब्यात तुझी वही पण निघाली, शंभर पानी, मुखपृष्ठ फाटलेली. एकेक जपानी शब्द चित्र काढल्यासारखा काढलेला आणि पुढं मराठीत अर्थ, स्वतः ताडलेला. 'दोन अक्षरं म्हणजे हो. तीन अक्षरं म्हणजे नाही.' मग मामांनी कंपनीत विचारून सांगितलं की ते दोन अक्षरांचं हो जपानीत 'हाय' असं म्हणतात. काय हसलो होतो आपण! तू म्हणालीस, 'वहिनी, हे तर तलवाड्याचेच निघाले! हाय म्हणजे हाय!' त्या दिवसापासून गेमनं काहीही विचारलं की आपण बिनधास्त हाय दाबायचो. आपलाच माणूस विचारतोय, त्याला नाही कशाला म्हणायचं? आणि एका पानावर तीन अक्षरांचा एक शब्द आहे, तिन्ही अक्षरांच्या पोटात दोरीला मारतात तशी गाठ. त्याच्यापुढं तू लिहिलंस, 'तीन गाठी म्हणजे बोला.' माणसाजवळ गेलं की तो शब्द यायचा, दाबला की माणूस बोलायचा. बरोबरच होतं तुझं.

त्या तीन गाठींनीच आश्रुबाचा घात केला. आठवतो ना आश्रुबा? पुलाखाली भेटलेला, लुकडा, कपाळावर केस, पायात जोर नाही पण दमत म्हणून नव्हता. मी म्हणत होते, काढ याला, नुसता पळतो, गोल एक करत नाही. तू ऐकलं नाहीस. दोन महिने घासून घासून त्याला टिटवी शिकवलीस. आणि एक दिवस टीमच्या यादीत त्याच्या नावावर तोच तीन गाठींचा शब्द दिसला. तू खूश. म्हणालीस, 'आता यादीतूनबी बोलता येतंय! थांब, त्याला शाबासकी देते.' दाबलंस. गेमनं काहीतरी विचारलं. आपण म्हणालो हाय. आश्रुबा वाकून नमस्कार करून पाठमोरा चालत गेला. आपल्याला वाटलं, जेवायला गेला. दुसऱ्या दिवशी यादीत नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मग तू जी रडलीस! दोन दिवस अन्नाला शिवली नाहीस. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, वर म्हणाल्या, 'त्या सुताराच्या म्हातारीचीच नजर लागली.' आणि तू अंगावरून मोहऱ्या ओवाळून घेत मुसमुसत होतीस, जपानच्या एका पोरासाठी. महिनाभर आपण त्या गेममधली दुसरी सगळी गावं पालथी घातली. तो रुसून लांब गेला असणार असं धरून आपण लांब लांबच शोधत राहिलो.

आता ऐक. हल्ली फोनचा कॅमेरा धरला की कुठलीही अक्षरं मराठीत करून दाखवतो. मी दुपारी भांडी झाली की गेम उघडते, एका हातात तुराटी, एका हातात फोन. भाषांतर धड नसतं, सुंदरराव म्हणतो 'आपण सर्वजण विजयाचे घाम आहोत', पण कळतं. तर त्या तीन गाठींवर धरला की फोन एकदा दाखवायचा 'बोला' आणि एकदा दाखवायचा 'सोडून द्या'. मला वाटलं फोन बिघडला. शेवटी धोंडीराम मामांना विचारलं. त्यांनी कंपनीतल्या दुभाष्या बाईंना फोन दिला. बाई कसली, तुझ्याच वयाची मुलगी, परभणीकडची, बोलणं आपल्यासारखंच. तिनं हसून समजावलं. म्हणाली, 'वहिनी, तो शब्द हनासु. बोलणं म्हणजे हनासु आणि सोडून देणं म्हणजे पण हनासु. मोठ्यांच्या पुस्तकात त्यांची चित्राक्षरं वेगळी असतात. पोरांच्या गेममध्ये साध्या अक्षरांत लिहितात, मग दोन्ही सारखेच दिसणार.' म्हणजे आपण त्याच्याशी बोलायला गेलो आणि त्याला सोडून दिलं. आणि वर हाय पण म्हणालो.

ती पुढं म्हणाली की सोडलेला गडी जिथून आणला तिथंच परत जातो. मी तुझी वही बघून गेममधल्या त्या पुलाखाली गेले. तिथंच होता गं तो! एकटाच भिंतीवर चेंडू मारत. मी आजूबाजूला बघितलं, कुणाला सांगावं, तर घरात आत्याबाई घोरत होत्या. त्याच्याशी बोलले. फोननं दाखवलं, 'तुम्ही उशीर केला आहे. मी रोज सराव केला आहे.' टीममध्ये घेऊ का म्हणून गेमनं विचारलं. मी अजून काही दाबलेलं नाही. पण खरं सांगू, मला आश्रुबा सापडल्याचा आनंद झालाच नाही. माझ्या कानात त्या दुभाष्या मुलीचा आवाज बसला होता. किती सहज बोलत होती. मामा म्हणाले, साहेब लोक तिच्याशिवाय मीटिंगला बसत नाहीत. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ती खुर्ची तुझी होती, करिष्मे. आणि ती तुझ्या बुडाखालून कुणी ओढली ते तुला माहीत नाही. तुला वाटतं माहीत आहे, पण नाही.

तुझ्या बारावीच्या निकालानंतरचे दिवस. मामा आंब्याची पेटी घेऊन आले होते. तुझी वही चाळून म्हणाले, पोरीनं हे स्वतः केलं? पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग आहेत, कॉलेज करत करत शिकेल, माझ्या घरी राहील. मामंजी म्हणाले, 'शिवशंकर म्हणल ते.' आणि तुझे दादा त्या आठवड्यात ट्रॅक्टर घेऊन नांगरटीला गेलेले, येणार चार दिवसांनी. दादांपुढं तुझी वाचा बसायची. तू मला पोत्यांच्या खोलीत नेलंस, माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालीस, 'वहिनी, तुमी दादाला बोला. एकदाच. तुमचं ऐकतात ते.' मी म्हणाले, बोलते की, त्यात काय.

मी बोलले नाही. ते आले, जेवले, मी वाढत होते, शब्द पार जिभेवर आलेला. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी तू चुलीपाशी येऊन नुसतं माझ्याकडं बघितलंस आणि मी म्हणाले, 'बोलले गं. नाही म्हणाले. म्हणाले, पोरीच्या जातीनं एवढ्या लांब कशाला जायचं.' एवढं खोटं माझ्या तोंडातून न अडखळता कसं निघालं याचं मलाच नवल वाटलं. मग आठवलं, ते वाक्य माझ्या वडिलांचं होतं. मला डी.एड. करायचं होतं तेव्हा धारूरला त्यांनी मला ऐकवलेलं. तेच मी तुझ्या दादांच्या तोंडी घातलं आणि तुला वाढलं. तू रडली नाहीस. दादांना विचारलं पण नाहीस, तुझा मान मोठा. फक्त त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलंस आणि गेम परकराच्या चिंधीत गुंडाळून डब्यात घालून फळीमागं ठेवलास.

का केलं, ते पण सांगते, आता काय लपवायचं. तू पुण्याला गेलीस तर त्या खोलीत माझ्याजवळ कोण बसणार होतं? त्या घरात मला नुसती मी म्हणून ओळखणारी तू एकटी. बाकी सगळ्यांची मी सून नाहीतर बायको. मला तुला सोडवेना. उमापूरचं स्थळ आलं तेव्हा सगळ्यात जास्त गुण मीच गायले. वाटलं, उमापूर काय, हाक मारली की येईल. बजरंगराव चांगले आहेत, तुझं वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण तुझ्या पाठवणीला मी ओक्साबोक्शी रडले आणि बायका म्हणाल्या, बघा, नणंद-भावजयीचं प्रेम. मी कशाला रडत होते ते माझं मला ठाऊक. तुला हाकेवर ठेवायला गेले आणि तू जपानपेक्षा लांब गेलीस. दादा बिचारे दहा वर्षं डोकं खाजवतायत, हिचं बिनसलं कशावरून? त्यांनी काय ताडलं असेल सांग. लग्नात फ्रीज लहान दिला म्हणून! एका दाराचा दिला, म्हणून पोरगी रुसली. तुझ्याकडं त्या दिवाळीला दोन दारांचा आला ना, तो त्याच्यासाठी. तू तो पडवीत चादर घालून ठेवलास हे ऐकून ते मला म्हणाले, 'आता तीन दाराचा आसतो का बघ.' मी तोंडाला पदर लावून आत गेले. हसावं की मरावं कळेना.

काल सकाळी मी हे सगळं तुझ्या दादांना सांगितलं. ते भाकरी खात होते, ती ताटातच राहिली. ओरडले असते तर सोसलं असतं मी. ते एवढंच म्हणाले, 'मला इचारलं आसतं तर व्हय म्हणलो आसतो की. मीच सोडून आलो आसतो पुण्याला.' आणि उठून गेले. संध्याकाळी हात धुताना म्हणाले, 'हे तू लिही. मी सांगितलं तर तिला वाटल, दादा आता साळसूदपणा करतोय. तुझ्या हातचं लिहून दे, मी नेतो.' म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते टपालानं आलेलं नाही. पाकीट तुझ्या हातात कुणी दिलं ते तू बघितलंसच. पाणी नको, चहा नको म्हणाले असतील. मला शब्द देऊन निघतायत, 'ती पुरतं वाचस्तोवर मी उंबरा ओलांडत नाही.' माझ्याशी तू जन्मभर बोलू नको, ते मी भोगीन, माझ्या कर्माचंच आहे. पण ते तुला नाही म्हणाले नव्हते, करिष्मे. तू काही मागितलं होतंस हेच त्यांना कालपर्यंत माहीत नव्हतं. आता हा कागद ठेव खाली आणि बाहेर जा, तुझा दादा उन्हात उभा आहे.

बोललीस तरी आणि नाही बोललीस तरी तुझीच,
वैष्णवी